आधी पाकिटं फोडा

(नागपुरातल्या इतवारीच्या छोट्या व्यापाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी वकील नाही. एका बँकेच्या वसुली विभागात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. म्हणजे दुकानाच्या शटरवर नोटीस चिकटवायला येणारा माणूस मीच. कर्ज थकल्यावर वकील कसा निवडावा, हा विषय मला दिला तेव्हा मी म्हटलं, एखाद्या वकिलालाच बोलवा ना. आयोजक म्हणाले, तो स्वतःचंच नाव सांगेल. पटलं मला. शिवाय टेबलाच्या पलीकडे बसल्यामुळे कर्जदारांच्या वकिलांची पत्रं मी रोज वाचत होतो.

सरफेसी, म्हणजे कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायचा बँकांचा कायदा. त्याच्या कलम १३(२) ची, थकबाकी भरा म्हणणारी ६० दिवसांची नोटीस गेली की उत्तरं यायला लागत. बहुतेक एकाच छापाची. ‘माझ्या अशिलास सदर मजकूर मान्य नाही’, पुढे चार पानं तेच दळण. एकदा महालातल्या किराणा दुकानदाराच्या उत्तरात तिसऱ्या पानावर एका राइस मिलचं नाव तसंच राहिलं होतं. आम्ही हसलो आणि दोन ओळींचं उत्तर पाठवून मोकळे झालो. पण अधूनमधून वेगळंच पत्र यायचं. खातं एनपीए, म्हणजे बुडीत खात्यात जमा, नेमकं कोणत्या तारखेला केलं? मार्चमध्ये भरलेले ८० हजार कुठे जमा दाखवले? दंडव्याज करारातल्या कोणत्या अटीने लावलं? असं पत्र आलं की मॅनेजर मला केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेत. तुम्हाला तो वकील शोधायचाय.

आता तो सापडणार कुठे? ‘दिवाळखोरीचे वकील’ अशी पाटी नागपुरात दिसणार नाही. बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला जाहिरातच करता येत नाही. मोबाइलवर ‘कर्ज निम्म्यावर आणून देतो, हप्ते भरणं बंद करा’ म्हणणारे जे दिसतात, त्यांना वकिलीची सनद कुठली हे आधी विचारा.

आणि त्याच्याही आधी स्वतःचं कर्ज कोणत्या दारात जाणार ते बघा, कारण दारागणिक वकील बदलतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांचं न्यायाधिकरण, आणि तिचं खंडपीठ नागपुरात नाही, मुंबईला आहे. कंपनीच्या कर्जाला तुम्ही स्वतः हमी दिली असेल तर १ डिसेंबर २०१९ पासून तुम्हीही कंपन्यांसारखेच २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याखाली येता. बँकेचं २० लाख किंवा त्यावरचं कर्ज असेल तर डीआरटी, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण, ते आपल्या गावात आहे. चेक परत गेला असेल तर फौजदारी कोर्ट. बिनपरवाना सावकाराचा फास असेल तर आधी सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक.

पण इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांची दुकानं प्रोप्रायटरशिप नाहीतर भागीदारीची. तुमच्यासाठी नादारीचा, म्हणजे माणसाच्या दिवाळखोरीचा, कायदा अजून १९२० चाच आहे आणि अर्ज जिल्हा न्यायालयात, सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात. २०१६ च्या कायद्यात तुमच्यासाठी प्रकरण लिहून ठेवलंय, ते लागू मात्र केलेलं नाही. शंभरी उलटलेल्या त्या कायद्यात अर्ज करायला किमान कर्ज किती लागतं, माहीत आहे? ५०० रुपये! तेव्हाचे ५०० अजून तिथेच बसलेत. म्हणून वकिलाला सरळ विचारा, ‘नादारीचा अर्ज तुम्ही शेवटचा कधी चालवला?’ ‘अजून एकही नाही, पण वाचून सांगतो’ असं म्हणणारा मला चालेल. ‘रोजच चालवतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

माझ्या शेजाऱ्याचं सांगतो. गांधीबागेत साड्यांचं दुकान. धंदा बसला तसा त्याने टपाल उघडणंच सोडलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत ती सगळी बंद पाकिटं घेऊन मला म्हणाला, ‘भाऊ, तुम्ही चला ना जी सोबत.’ गेलो. पहिल्या वकिलाने पिशवीला हात लावला नाही. ‘उद्याच स्टे आणतो,’ म्हणाला आणि फीचा आकडा सांगितला. मी बाहेर येऊन शेजाऱ्याला म्हटलं, चला इथून. १३(२) च्या नोटिशीवर स्टे आणायला डीआरटीत जाताच येत नाही. बँकेने १३(४) खाली ताबा घ्यायचं पाऊल उचललं की मग ४५ दिवसांत कलम १७ चा अर्ज. दिवाणी कोर्टाला तर या बाबतीत कलम ३४ ने हातच बांधलेत. हे त्या वकिलाला ठाऊक नसेल तर वाईट, आणि ठाऊक असून बोलला असेल तर त्याहून वाईट.

दुसऱ्या वकीलबाई. त्यांनी टेबल रिकामं केलं, एकेक पाकीट कडेने कापलं, टपालाच्या शिक्क्यावरची तारीख पेन्सिलीने कागदाच्या कोपऱ्यात लिहिली आणि सगळे कागद तारखेने लावले. पाऊण तास गेला, तोवर फीचा विषय नाही. मग म्हणाल्या, ‘नोटिशीचा आज ४१ वा दिवस आहे. १९ उरलेत. हरकतीचं पत्र याच आठवड्यात जाईल, त्याला बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं.’ माझं घर जाईल का, असं शेजाऱ्याने विचारलं. ‘गहाण आहे, तडजोड झाली नाही तर जाईल.’ मग नादारीच घेतो, म्हणाला. ‘घ्या, पण त्याने गहाणाची बँक थांबत नाही. तुमचे मेहुणे जामीन आहेत ना, तेही सुटत नाहीत.’

मग त्याने तो प्रश्न विचारला, जो या हॉलमध्येही चार जणांच्या मनात असेल. ‘बेसा रोडचा प्लॉट मोकळा आहे. बायकोच्या नावाने बक्षीसपत्र करून टाकू का?’ बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. ‘केलंत तर माझं वकीलपत्र नाही. दोन वर्षांत अर्ज होऊन नादार ठरलात तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, आणि मालमत्ता लपवल्याबद्दल शिक्षा वेगळी.’ अशी बक्षीसपत्रं मी बँकेत पाहिली आहेत. ती शोधायला आम्हाला फार वेळ लागत नसे.

आता मी बँकेत होतो म्हणूनच सुचणारा एक प्रश्न: ‘साहेब, तुम्ही कोणत्या बँकांच्या पॅनेलवर आहात?’ तुमच्याच बँकेचं काम करणारा वकील तुमचं वकीलपत्र घेऊ शकत नाही. पण तुम्ही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही, असं घडतं.

फीबद्दल थोडक्यात. टप्प्याटप्प्याने ठरवा, कागदावर घ्या, पावती मागा. ‘जेवढं वाचवीन त्याच्या अमुक टक्के’ अशी बोली वकिलाला करता येत नाही, नियमांत मनाई आहे. तडजोडीची रक्कम थेट बँकेच्या कर्जखात्यात भरा, मुन्शीच्या हाती एक रुपया नको. पैसेच नसतील तर न्यायमंदिरातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईमाणसाला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तिथे उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो. दुकान बायकोच्या नावावर असलेल्यांनी हे लक्षात ठेवा.

आणि जमलं तर एक दिवस दुकान मुलावर सोडून डीआरटीत मागच्या बाकावर जाऊन बसा. कोण फाइल वाचून आलाय आणि कोण पुढची तारीख मागतोय, दोन तासांत दिसतं.

शेजाऱ्याचं शेवटी काय झालं, हे तुम्ही विचारणारच. प्लॉट विकला, एकरकमी तडजोड झाली, घर राहिलं. दुकान नाही राहिलं. आता तो भावाच्या दुकानात गल्ल्यावर बसतो.

माझ्याकडे अजून अर्धा तास आहे. कोणी नोटिसा आणल्या असतील तर पुढे या. पाकिटासकट आणा, शिक्का त्याच्यावरच असतो.