करारावर सही करण्याआधी

(परळमध्ये दहावी-बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे केलेलं व्याख्यान, संपादित.)

मंडळी, निकाल लागला की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो: टक्के किती आणि कॉलेज कुठलं? अप्रेंटिसशिपचं, म्हणजे कारखान्यात काम करत शिकण्याच्या शिकाऊ उमेदवारीचं, नाव निघतं ते अगदी शेवटी, बाकी काही जमेना झाल्यावर. मी फिटर ट्रेडची, म्हणजे यंत्राचे भाग घासून-जुळवून बसवण्याच्या कामाची, मुलं शिकवत आलो. माझं मागणं इतकंच आहे की हा मार्ग सुरुवातीलाच विचारात घ्या, आणि घेताना नीट पारखून घ्या.

आपण बसलोय ते परळ. इथे मध्य रेल्वेचं वर्कशॉप आहे, लोअर परळला पश्चिम रेल्वेचं, पलीकडे माटुंगा, खाली माझगाव डॉक. या सगळीकडे शिकाऊ उमेदवार घेतात. गिरणीच्या काळात मुलगा काका-मामाच्या ओळखीने आत जायचा, बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, नाव लागायचं, शेजारच्याचं बघून काम शिकायचा. शिकायचाही उत्तम. पण १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या, तेव्हा साच्यावर, म्हणजे मागावर, आयुष्य काढलेल्या कितीतरी माणसांकडे आपलं कसब सिद्ध करणारा एक कागद नव्हता. ती हळहळ इथल्या अनेक घरांनी पाहिली आहे.

तो कागद १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा देतो. मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो, त्याची नोंदणी होते. मुलगा किंवा मुलगी अठराच्या आतली असेल तर पालक सही करतात. ठरावीक ट्रेडमध्ये प्रशिक्षण संपलं की परीक्षा होते, आणि पास झाल्यावर मिळणारं प्रमाणपत्र देशभर चालतं. २०१९च्या नियमांनी किमान विद्यावेतन ठरवलं: नववीपर्यंत शिकलेल्याला महिना ५,००० रुपये, दहावी झालेल्याला ६,०००, आयटीआय (औद्योगिक प्रशिक्षण संस्था) केलेल्याला ७,०००, पदवीधराला ९,०००. मुंबईत एवढ्यात भागत नाही, हे मला कळतं. विरार किंवा बदलापूरहून येणाऱ्याचा पास आणि डबा धरला तर हातात फार उरत नाही. पण इथे फी भरून शिकायचं नसून शिकताना पैसे मिळतात, हेही मोजा.

आता शिकणं म्हणजे काय, ते सांगतो. फिटरच्या मुलाला सुरुवातीला मशीन देत नाहीत. लोखंडाचा ठोकळा वाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, आवळून हातात कानस देतात. घासायचं, गुण्या म्हणजे काटकोनाची पट्टी लावायची, उजेडाकडे धरायचं. मधून उजेड दिसला की पृष्ठभाग सपाट नाही, परत घासायचं. तळहाताला फोड येतात. मुलं विचारतात, "सर, लेथवर कधी?" पण मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक हाताला जाणवायला लागला की तो मुलगा पुढे कुठल्याही मशीनवर उभा राहू शकतो. वर्गात बसून हे येत नाही.

म्हणूनच जागा बघून घ्या. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावेच लागतात. त्यामुळे काही ठिकाणी फक्त आकडा भरतात, आणि मुलगा वर्षभर खोकी उचलतो किंवा झेरॉक्स काढतो. हे अन्यायाचं आहे, आणि ते खपवून घेऊ नये. सही करण्याआधी विचारा: ट्रेड कोणता? शिकवणार कोण? परीक्षेला बसवणार का? करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवणार का? आधी इथे शिकलेली मुलं आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऑफिसात मिळालं नाही तर सुट्टीच्या वेळी गेटवर उभे राहा, मुलंच सांगतील.

एक गोष्ट पालकांनी स्पष्ट समजून घ्यावी. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. सुरक्षिततेचे नियम त्याला लागू आहेत, कामावर इजा झाली तर भरपाई आहे, पण प्रशिक्षण संपलं की नोकरी द्यायचीच असं बंधन मालकावर नाही. करारात तसं लिहिलं असेल तर मात्र आहे. रेल्वेत, तिथेच शिकलेल्यांसाठी लेव्हल एकच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वेतनश्रेणीच्या, भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, तरीही भरतीची परीक्षा द्यावीच लागते. आणि करार मालकाने मोडला तर भरपाई आहे, तसा तुम्ही मोडलात तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल करायची तरतूदही आहे. म्हणून दोन महिन्यांत सोडायचं असेल तर सहीच करू नका.

"मग शिक्षण तिथेच थांबलं का?" असं एका ताईंनी मघाशी विचारलं. अजिबात नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश आहे. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांची एक वर्षाची वेगळी उमेदवारी असते, तिचं पश्चिम विभागाचं कार्यालय इथे सायनलाच आहे. ताई, तुमच्या मुलीला वेल्डिंग आवडतं म्हणालात ना? तिला घेऊन आधी आयटीआयमध्ये जा, वेल्डिंगचं शेड दाखवा, आणि निर्णय तिला घेऊ द्या.