लहान चणीचा डायव्हर आणि त्याचे साहित्य

माझी उंची ४ फूट ११ इंच आणि वजन ४५ किलो. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पहिल्या स्कूबा डाइव्हच्या दिवशी या दोन आकड्यांचा विचार कोणीच, अगदी मीसुद्धा, केला नव्हता. मला मिळालेले जाकीट मध्यम मापाचे होते. त्याहून लहान तिथे नव्हतेच. सगळे पट्टे शेवटपर्यंत ओढले, तरी पोटावरच्या पट्ट्याची टोके एकमेकांवर वीतभर चढली. पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन मी जाकिटात हवा भरली, तेव्हा जाकीट वर आले आणि मी खालीच राहिले. कान खांद्याच्या पट्ट्यांत आणि हनुवटी पाण्यात. ‘होईल सवय’, असे मला सांगण्यात आले.

बीसीडी, म्हणजे ज्यात हवा भरून किंवा सोडून आपण पाण्यात आपला तोल सांभाळतो ते जाकीट, सैल असले तर त्याची सवय होत नाही. ते पाठीवर डावी-उजवीकडे घसरते, त्याबरोबर सिलिंडर घसरते, आणि डायव्हर सारा वेळ स्वतःला सरळ करण्यात दमतो. दमलेल्या माणसाचा श्वास वाढतो आणि हवा लवकर संपते. म्हणून दुकानात किंवा केंद्रात जाकीट नुसते टी-शर्टवर घालून पाहू नका. वेटसूटवर, म्हणजे ऊब टिकवणाऱ्या निओप्रीन या फेसाळ रबराच्या पोशाखावर घाला, पट्टे आवळा, पूर्ण हवा भरा आणि सोबतच्या माणसाला दोन्ही खांद्यांशी धरून ते वर ओढायला सांगा. खांदा आणि पट्टा यांत दोन बोटांहून जास्त फट पडली, तर ते माप तुमचे नाही. हवा भरलेली असताना छाती भरून श्वास घेता आला पाहिजे, आणि पट्टे आवळल्यावरही थोडे आवळायला शिल्लक राहिले पाहिजेत, कारण खोलीवर पाण्याच्या दाबाने निओप्रीन दबते आणि सकाळी घट्ट वाटलेले जाकीट तिथे सैल होते. स्त्रियांसाठी बेतलेल्या जाकिटांची पाठ आखूड असते आणि खांद्याचे पट्टे छातीला वळसा घालून जातात. बुटक्या पुरुषांनीही ती घालून पाहण्यात संकोच बाळगू नये.

आता सिलिंडर. आपल्याकडे मालवणपासून अंदमानपर्यंत ॲल्युमिनियमचे ‘एटी’ (नावापुरते ऐंशी घनफूट हवेचे) सिलिंडर सर्रास दिले जाते. त्याची लांबी सुमारे ६६ सेंटिमीटर, रिकामे वजन १४ किलोंच्या आसपास, आणि त्यात भरलेल्या हवेचेच वजन पावणेतीन किलोंच्या घरात. म्हणजे माझ्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक भार माझ्या पाठीवर. भार पाण्यात जाणवत नाही, पण लांबी जाणवते. पट्टा खाली बांधला तर मान वर करताच डोके रेग्युलेटरच्या, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोचवणाऱ्या साधनाच्या, धातूवर आपटते. वर बांधला तर होडीच्या फळीवर बसताना सिलिंडरचा तळ टेकतो. यावर ‘सिक्स्टी-थ्री’, म्हणजे त्रेसष्ट घनफुटांचे लहान सिलिंडर, हा सोपा उपाय आहे. त्याचा घेर तेवढाच, लांबी सुमारे दहा सेंटिमीटरने कमी आणि वजन दोनेक किलोंनी हलके. हवा साधारण पाचव्या हिश्शाने कमी मावते, पण लहान देहाला हवाही कमी लागते, त्यामुळे मी बरोबरच्या धिप्पाड मंडळींच्या आधी वर आल्याचे मला आठवत नाही. आणि होडीची शिडी चढण्यापूर्वी पाठीवरचे सगळे पाण्यातच काढून वर द्यायला शिका. त्यात काही कमीपणा नाही.

मास्कची परीक्षा पट्टा न लावता करतात. केस मागे घ्या, मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर मास्क तसाच चिकटून राहिला पाहिजे. बहुतेक जण इथेच थांबतात. मात्र यानंतर रेग्युलेटरचे माउथपीस तोंडात धरून हीच परीक्षा पुन्हा करायला हवी, कारण ओठ फाकले की गालांच्या घड्या बदलतात आणि अरुंद चेहऱ्यावर पाणी नेमके तिथूनच शिरते. चिमटीत नाक नीट धरता येते का, तेही पाहा. खाली जाताना दडे बसलेले कान मोकळे करणे त्यावर अवलंबून आहे. आतली पोकळी जितकी कमी, तितका कमी श्वास मास्कमधले पाणी बाहेर काढायला पुरतो.

माउथपीस मोठे असले तर अर्ध्या तासात जबडा भरून येतो. ते लहान मापात मिळते आणि सहज बदलता येते. रेग्युलेटरची नळी लांब असेल तर तिचा फुगलेला फेरा माउथपीस एका बाजूला ओढत राहतो. ती आखूड घ्यावी. फिन्सबद्दल, म्हणजे पायांत घालायच्या वल्ह्यांबद्दल, एवढेच सांगते की बोटे दुमडू नयेत, टाच निसटू नये आणि पाते कडक नसावे.

लहान शरीर तुलनेने लवकर गार पडते, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून घेते. त्यामुळे आपल्या कोमट समुद्रातही वेटसूट अंगाबरोबर बसला पाहिजे. कमरेच्या मागच्या खळग्यात चिमूटभर कापड हाती आले, तर तिथे पाणी खेळणार. गळा मात्र आवळू देऊ नका. मानेवरच्या दाबाने चक्कर येऊ शकते.

राहिले शिसे, म्हणजे पाण्याखाली जाता यावे म्हणून अंगावर बांधायची वजने. त्या पहिल्या दिवशी माझ्या कमरेला आठ किलो बांधले होते. हिशेब उरकण्यापेक्षा पाण्यात पाहावे: जाकीट रिकामे करून श्वास रोखला की पाणी डोळ्यांच्या पातळीवर यावे. ॲल्युमिनियमचे ‘एटी’ रिकामे होता होता दोनेक किलोंनी वर ओढू लागते, म्हणून ही परीक्षा डाइव्ह संपताना, सिलिंडरमध्ये ५० बार (हवेच्या दाबाचे एकक) उरले असताना करावी. आज मी तीन मिलिमीटरच्या वेटसूटवर चार किलो शिसे लावते. त्यांतले दोन किलो सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यात ओवलेले असतात. त्यामुळे पाय खाली लोंबत नाहीत.