दाखला गावात, बाई फडात

(दृश्य: धारूरचा घाट. उतरणारे ट्रक. गोधड्या, पातेली, कोंबड्यांचं खुराडं, वर बसलेली पोरं.)

दसरा उलटला की बीड जिल्ह्यात ऊसतोडीला मजूर गोळा करणाऱ्या मुकादमांच्या मोटरसायकली फिरायला लागतात. दिवाळीच्या आगेमागे ट्रक भरतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी. कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी सोलापूरला, कुणी थेट बेळगावकडे. एकूण किती माणसं जातात? कुणी आठ लाख सांगतं, कुणी बारा. हंगामात कुठल्या कारखान्यानं किती टन ऊस गाळला आणि उतारा किती पडला, हे या राज्याला रोजच्या रोज कळतं. ऊस तोडणाऱ्यांचा मात्र अंदाजच सांगावा लागतो.

उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठरते कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. लाखाच्या घरातली रक्कम हंगामाआधीच नवऱ्याच्या हातात पडते आणि लग्नकार्यात, दवाखान्यात, जुन्या देण्यात संपते. ती फेडायची दोघांनी. बाईची वेगळी नोंद नाही, वेगळी मजुरी नाही.

(दृश्य: पहाटेचा फड. ट्रॅक्टरच्या दिव्यात मोळ्या बांधणारे हात.)

पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायची, पोरांना गुंडाळून फडावर न्यायचं. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीवर, परत आल्यावर पाणी आणायचं तिनंच. जानेवारी २०२४ मध्ये मजुरी ३४ टक्क्यांनी वाढली, तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. हा दर जोडीचा. एक दिवस आजारी पडलं तर मजुरी बुडतेच, वर खाडा लागतो. म्हणजे दंड. पाळी असो, ताप असो, सातवा महिना असो.

(दृश्य: कोपी. आडोशाला बांधलेली साडी, हीच न्हाणी. पडदा काळा.)

पुढच्या दोन मिनिटांत तुम्हाला एकही चेहरा दिसणार नाही. २०१९ साली बीडमध्ये खूप कॅमेरे येऊन गेले. चेहरे दाखवून झाले, त्यातून बायकांच्या वाट्याला काय आलं ते गावात विचारा.

त्या वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अंगावरून जातं, पोट दुखतं म्हणून बाई खाजगी दवाखान्यात जायची. पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, असं सांगितलं जायचं. तिलाही पाळीचे खाडे परवडत नव्हते. आता जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करता येत नाही. तरी २०२४ च्या हंगामाला निघण्याआधी ८४३ जणींची पिशवी काढलेली होती, असा जिल्हा आरोग्य विभागाचाच अहवाल आला. त्याच अहवालात आणखी एक आकडा होता: १,५२३ बाया गरोदर असताना तोडणीला गेल्या.

या दीड हजार जणींच्या नावाचा पोषण आहार कुठे येतो? गावच्या अंगणवाडीत. लसीकरणाचं कार्ड, आशाताई, उपकेंद्रातली नर्सबाई, सगळं गावात. बाई तीनशे किलोमीटरवर. देशात कुठल्याही दुकानातून रेशन उचलता येतं, ही सोय चांगलीच आहे. पण टोळी आज या शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. दुकान उघडं असतं तेव्हा ती उसात असते. कार्ड बहुतेक वेळा घरी, सासू-सासऱ्यांजवळ.

आणि कायदा? स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली केंद्रानं कायदा केला तो आंतरराज्य कामगारांसाठी. केजहून बेळगावला गेलेली बाई त्यात बसण्याची शक्यता तरी होती. केजहून कोल्हापूरला गेलेली बाई त्यात बसतच नव्हती. फड तोच, कोपी तीच, मध्ये राज्याची सीमा नाही एवढाच तिचा दोष.

(दृश्य: गावातली जिल्हा परिषद शाळा. अर्धा रिकामा वर्ग.)

आता मुलींकडे येऊ, कारण निधी आटला की पहिला चटका त्यांना बसतो.

पूर्वी तोडणी मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा होत्या. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला, मुलं नियमित शाळेतच असावीत असं ठरलं आणि साखरशाळा बंद होत गेल्या. हेतू चुकीचा नव्हता. त्याऐवजी गावातच हंगामी वसतिगृह: आई-बाप तोडणीला, मूल आजीकडे, दोन वेळचं जेवण शाळेच्या माध्यमातून. पण ट्रक सुटतो दिवाळीला आणि वसतिगृहाची मंजुरी कित्येकदा त्यानंतर येते. ट्रक मंजुरीसाठी थांबत नाही. दहा वर्षांची मुलगी मग आईबरोबर जाते. तिथे ती धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी करते. मुलगा मागे राहतो, कारण मुलाला आजीजवळ ठेवता येतं. तेरा-चौदाची झाली की तिला मागेही ठेवता येत नाही आणि कोपीवरही नेता येत नाही. कोपीला दार नसतं. आई-बापांना मग एकच वाट दिसते, स्थळ. लग्न झालं की नवा कोयताही तयार होतो, त्यावर उचलही मिळते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के होत्या. बीडमध्ये ४३.७. परभणीत ४८.

राज्यानं २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. ४१ तालुके, ८२ वसतिगृहं, निम्मी मुलींची. योजना उत्तम. पहिल्या टप्प्यात वीस सुरू करायचं ठरलं. ज्या मुलीचं यंदा तेरावं सरतंय, तिला दुसऱ्या टप्प्याचा उपयोग नाही.

हे फक्त आपल्याकडचं म्हणावं, तर तसंही नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली. त्याच वर्षी जूनमध्ये पैसे संपले म्हणून युनिसेफला बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या, म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांमधली बरीच शिकवणी केंद्रं बंद करावी लागली. तिथल्या मुली हिंसाचारातून पळालेल्या, आपल्या मुली उचलीपायी निघालेल्या. दोन्हीची बरोबरी करणार नाही. पण शाळा बंद झाल्यावर घरात जी चर्चा सुरू होते, ती दोन्हीकडे सारखीच असते.

(दृश्य: कोरडं नालाबांध काम. फावडी नाहीत, माणसं नाहीत.)

नोव्हेंबरात गावात काम मिळालं असतं तर? रोजगार हमी याच राज्यात जन्मली, १९७२ च्या दुष्काळातून, आणि खडी फोडायला बायकाच जास्त होत्या. देशाच्या रोजगार हमीला २०२२-२३ मध्ये सुधारित अंदाजानुसार ८९,४०० कोटी होते. पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पात ६०,००० कोटी. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं नवा कायदा केला: कामाचे दिवस १०० वरून १२५, पण खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांवर. दिवस वाढले म्हणून आनंद मानायचा की नाही, हे ज्या ग्रामपंचायतीत गेल्या वर्षी मस्टरच, म्हणजे कामाचा हजेरीपटच, निघालं नाही, तिथल्या बायकांना विचारावं.

(दृश्य: ऊसतोडणी यंत्र. धूळ. बाजूला उभी टोळी.)

दरम्यान अनुदान येतं ते दुसरीकडे. २०२३ मध्ये राज्यात ९०० तोडणी यंत्रांसाठी योजना मंजूर झाली, प्रत्येक यंत्राला जास्तीत जास्त ३५ लाख. यंत्राला रुंद सरी लागते, सलग मोठं रान लागतं, उभा ऊस लागतो. अरुंद सरीचा, चिखलातला, वाऱ्यानं आडवा पडलेला ऊस त्याला नको. तो टोळीला दिला जातो. आडव्या उसात मोळी बांधायला दुप्पट वेळ जातो. दर मात्र टनाचाच.