रोम : संगमरवराच्या आतला चुना

रोममधल्या कोलोसियमचा, म्हणजे झुंजी-खेळांच्या त्या प्रचंड अंडाकृती प्रेक्षागृहाचा, फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. जाऊन आलेल्यांच्या मोबाइलमध्येही असेल. आज घरी गेल्यावर तो जरा मोठा करून बघा. बाहेरच्या भिंतीवर, जिथे दोन चिरे एकमेकांना भिडतात साधारण तिथेच, देवीच्या व्रणांसारखी भोकं दिसतील. सहलीत कुणीतरी हमखास सांगतो, की या युद्धातल्या गोळ्यांच्या खुणा. तसं काही नाही. ही भंगार गोळा करणाऱ्यांची कामगिरी आहे. चिऱ्याला चिरा धरून ठेवायला रोमन पाथरवटांनी आत लोखंडी आकडे बसवले होते, एका इमारतीत सुमारे ३०० टन लोखंड असावं असा अंदाज आहे. मध्ययुगात लोखंड महाग झालं, तेव्हा लोकांनी छिन्नी लावून एकेक आकडा उपसला.

संगमरवराचं तर याहून वाईट झालं. त्या काळी रोममध्ये चुन्याच्या भट्ट्या होत्या आणि त्यांना कच्चा माल हवा होता. संगमरवर म्हणजे शेवटी चुनखडीच. मंदिरांचे खांब, पुतळे, कोरीव शिळा, सगळं फोडून भट्टीत गेलं आणि त्या चुन्यात नव्या भिंती उभ्या राहिल्या. रोमचा संगमरवर किती उरला, हे मोजायचं असेल तर भट्ट्यांना काय सापडलं नाही ते मोजायचं.

आता विचार करा, चोराने लोखंड नेलं, चुनेवाल्याने संगमरवर नेला. मग उरलं काय? जे विकता येत नाही ते. खडी आणि चुन्याचा एकजीव झालेला गोळा. तो फोडायचा म्हणजे मजुरीही निघत नाही. म्हणून रोमचे अवशेष असे तांबूस, खडबडीत, ढेकळासारखे दिसतात, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याचा हिरमोड होतो. मला आज बोलायचंय ते या ढेकळांबद्दल. रोमन लोकांचं स्वतःचं जे आहे, ते मला तिथे दिसतं.

कारण वरचा साज बराचसा ग्रीकांकडून आणलेला. इ.स.पू. १४६ मध्ये मुम्मिउस नावाच्या रोमन सेनापतीने ग्रीसमधलं कॉरिंथ शहर लुटलं. ग्रीक शिल्पं आणि चित्रं जहाजावर चढवताना त्याने ठेकेदारांना दम भरला, की यातलं काही वाटेत हरवलं तर तसंच नवीन करून द्यावं लागेल! ही गोष्ट रोमन इतिहासकारानेच लिहून ठेवली आहे, थोडीशी हसत. पुढे दीड-दोनशे वर्षांत रोमन श्रीमंतांच्या बागा ग्रीक शिल्पांच्या प्रतींनी भरल्या. आज ग्रीक शिल्पकला म्हणून आपण जे पाहतो, त्यातलं पुष्कळ या रोमन प्रतींमुळेच आपल्याला माहीत आहे, हेही खरं.

एक गोष्ट मात्र त्यांची घरची होती, ती म्हणजे चेहरा. मोठ्या घरांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे जपून ठेवत. घरात कुणी गेलं, की अंत्ययात्रेत माणसं ते मुखवटे लावून चालत, म्हणजे गेलेल्याला पोचवायला आजे-पणजे स्वतः हजर. आपल्याकडे भिंतीवर हार घातलेल्या तसबिरी असतात, त्या उठून चालू लागल्या तर कसं वाटेल? या मुखवट्यांच्या शेजारी वाढलेली त्यांची शिल्पं बघा. सुरकुत्या, खोल गेलेले गाल, टक्कल, सगळं शाबूत. अनुभवी दिसणं म्हणजे वजनदार दिसणं. तिवोलीला सापडलेला एका सेनापतीचा पुतळा रोमच्या संग्रहालयात आहे. चेहरा साठीचा, थकलेला. आणि खाली धड? ग्रीक पहिलवानाचं. आपल्याला हसू येतं. त्यांना येत नव्हतं. मुंडकं आपलं, अंग उसनं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

इमारतीत त्यांनी हेच उलट केलं. अंग आपलं, चेहरा उसना. कोलोसियमकडे परत जाऊ. सम्राट व्हेस्पेशियनने तो सुरू केला, त्याचा मुलगा टायटस याने इ.स. ८० मध्ये त्याचं उद्घाटन केलं. आधी त्या जागी सम्राट नीरोच्या महालातलं तळं होतं. लांबी १८९ मीटर, रुंदी १५६. बाहेरून मजल्यावर मजले, आणि प्रत्येक मजल्यावर दोन-दोन कमानींच्या मधे अर्धे खांब, ग्रीक शैलींचे. खाली डोरिक, वर आयोनिक, त्यावर कॉरिंथियन. आम्हा वास्तुकलेच्या मुलांना परीक्षेत ही जंत्री यायची. पण त्या खांबांवर वजन किती? जवळपास शून्य. सगळा भार कमानी पेलतात. खांब शोभेचे, भिंतीला चिकटवलेले. ८० दरवाजे, त्यांतल्या ७६ वर कोरलेले आकडे. उत्तरेकडच्या भागावर २३ पासून ५४ पर्यंतचे अजून वाचता येतात. हजारो माणसं झटपट आत आणि झटपट बाहेर. ही अक्कल त्या शोभेच्या खांबांत नाही, आतल्या जिन्यांत आणि तिरप्या छतांच्या वाटांत आहे.

आणि ती छतं शक्य झाली चुन्यामुळे.

इथे थोडा वेळ थांबतो, कारण हा माझ्या आवडीचा भाग आहे आणि आपल्याकडच्या माणसाला तो पटकन कळतो. चुन्याची घाणी तुमच्यापैकी कुणीतरी पाहिली असेल. गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक, ओढायला बैल. चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा, त्यात मळायचा. सुरखी का घालायची, असं मी एका म्हाताऱ्या गवंड्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "पाण्याला धरतो." विट्रुवियस हा ऑगस्टसच्या काळातला वास्तुकार. त्याने दहा भागांचा ग्रंथ लिहून सम्राटाला अर्पण केला. त्यात तो सांगतो, की खाणीतली वाळू असेल तर तीन भाग वाळूला एक भाग चुना. नदीची किंवा समुद्राची असेल तर दोनाला एक, आणि त्यात तिसरा हिस्सा भाजलेल्या विटा-खापरांचा चुरा चाळून घातला तर काम जास्त चांगलं होतं. ही सुरखीच झाली. अशा मिश्रणाच्या रोमन जमिनी आजही बघायला मिळतात. आपण त्याला कोबा म्हटलं असतं.

पण त्यांच्याजवळ सुरखीपेक्षा मोठी गोष्ट होती. नेपल्सच्या आखातावर पोझ्झुओली नावाचं गाव आहे. तिथल्या ज्वालामुखीच्या राखेत सिलिका आणि अॅल्युमिना अशा रूपात असतात, की चुन्याशी पाण्यातही त्यांची प्रक्रिया होते. साधा चुना हवेने सावकाश घट्ट होतो. भिंत जाड असेल तर आतपर्यंत हवा पोचतच नाही. राखेचा चुना पाण्याखालीसुद्धा घट्ट होतो. या राखेला पुढे पोझ्झोलाना हे नाव पडलं. विट्रुवियस तिच्याबद्दल चमत्कार सांगावा तसं सांगतो. यहूदियाचा राजा हेरोद याने भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर सिझेरियाचं बंदर बांधलं, तेव्हा ती राख जहाजं भरून इटलीहून नेली होती.

हे आपल्या काँक्रीटसारखं ओतायचं काम नव्हतं बरं का. मुठीएवढे दगड हाताने रचायचे, त्यावर मसाल्याचा थर, पुन्हा दगड, पुन्हा मसाला. दोन्ही बाजूंना विटांची किंवा छोट्या दगडांची भिंत, मधे हा भराव. त्या दगडांच्या तुकड्यांना लॅटिनमध्ये नाव होतं 'सिमेंटा'. तोच शब्द फिरत फिरत पुढे पोत्यातल्या भुकटीला चिकटला. या कामाला कसबी पाथरवट थोडे पुरतात. एक जाणता मुकादम, चांगला सुतार, कारण सेंटरिंग, म्हणजे मसाला घट्ट होईपर्यंत आधार देणारा साचा, लाकडाचाच, आणि बाकी पाटी उचलणारे हात. रोमकडे हात भरपूर होते, त्यांतले कित्येक गुलामांचे. हे विसरून या इमारतींचं कौतुक करणं मला जमत नाही.

त्या मसाल्यात पांढऱ्या गुठळ्या दिसतात. फार वर्षं समजूत होती, की हे मळण्यातलं आळस-काम. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी वेगळं मत मांडलं: कळीचा, म्हणजे आधी पाण्यात न विरवलेला चुना गरमागरमच मिसळल्यामुळे या गुठळ्या राहतात, आणि पुढे तडा गेला, पाणी शिरलं, की गुठळी विरघळून तडा भरून काढते. विट्रुवियस मात्र आधी पाण्याने विरवलेल्या चुन्याबद्दल बोलतो. कोण बरोबर, यावर घाईने पैज लावू नये. गवंडी काय करतो आणि पुस्तकात काय लिहिलेलं असतं, यात अंतर तेव्हाही असणार.

आता पँथिऑन, रोममधलं घुमटाचं मंदिर. दर्शनी पट्टीवर ठळक अक्षरांत कोरलंय: लुसियसचा मुलगा मार्कस अग्रिपा याने तिसऱ्यांदा कॉन्सल (वर्षापुरता नेमलेला रोमचा सर्वोच्च अधिकारी) असताना हे बांधलं. म्हणजे इ.स.पू. २७. शतकानुशतकं लोकांनी पाटी वाचली आणि विश्वास ठेवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका फ्रेंच वास्तुकाराने विटा तपासल्या. रोमन विटांवर भट्टीचा शिक्का असायचा आणि कधी कधी त्या वर्षीच्या कॉन्सलांची नावंही. शिक्के निघाले इ.स.च्या दुसऱ्या शतकातले. अग्रिपाची इमारत जळून गेली होती. आज उभी आहे ती सम्राट ट्रेजनच्या शेवटच्या वर्षांत सुरू होऊन त्याच्यानंतरच्या सम्राट हेड्रियनच्या काळात पुरी झाली असावी. हेड्रियनने नव्या इमारतीवर जुन्याचंच नाव राहू दिलं. पाटी खोटं बोलली आणि विटांनी खरं सांगितलं, ते गिलाव्याआड बसून!

पुढच्या ओवरीचे करडे खांब इजिप्तच्या पूर्वेकडच्या वाळवंटातून आलेले, एकेक अखंड दगड, सुमारे १२ मीटर उंच आणि ६० टनांच्या आसपास. ते ओढत नाईलपर्यंत, मग नदीतून, मग समुद्रातून. आणि दाराच्या आत गेलं की हे सगळं विसरायला होतं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर. जमिनीपासून वरच्या झरोक्याची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक पुरा चेंडू मावेल. विजापूरच्या गोल घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. पँथिऑनच्या घुमटात लोखंडाची एक सळई नाही. तरी तो उभा कसा? खाली सुमारे ६ मीटर जाड, वर झरोक्यापाशी जेमतेम सव्वा मीटर. आणि मसाल्यातली खडीही बदलत नेलेली: खाली जड दगड, मग हलका दगड आणि विटांचे तुकडे, सगळ्यात वर प्यूमिस, ज्वालामुखीचा तो पाण्यावर तरंगणारा दगड. आतून २८-२८ चौकटींच्या पाच रांगा खोदल्यासारख्या दिसतात. ते खोदकाम नाही, सेंटरिंगच तसं ठोकलं होतं.

घुमटावरून एक किस्सा. ट्रेजनचा वास्तुकार अपोलोडोरस, दमास्कसचा. ट्रेजनशी तो कामाचं बोलत असताना तरुण हेड्रियन मधे तोंड घालू लागला. अपोलोडोरस म्हणाला, "जा, तुझे भोपळे काढत बस." हेड्रियनला भोपळ्यासारख्या फाकींच्या घुमटांचं वेड होतं, त्यावरचा हा टोमणा असावा. पुढे हेड्रियन सम्राट झाला आणि त्याने आपल्या मंदिराचा नकाशा मुद्दाम याच्याकडे पाठवला. उत्तर आलं, की बसलेल्या देवी फार मोठ्या झाल्यात; उठून बाहेर जायचं म्हणाल्या तर डोकं आपटेल. रोमन इतिहासकार डिओ कॅसियस लिहितो, की हेड्रियनने त्याला ठार करवलं. इतिहासकारांना ते पटत नाही. भोपळ्याचं मला पटतं.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? येणं-जाणं होतंच. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात काशाचा छोटा पोसायडन, म्हणजे ग्रीक समुद्रदेव, निघाला, रोमन जगातून आलेला. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेईत १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या जवळच्या बहिणी शोभतील अशा मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. पण चुन्याचे घुमट त्या जहाजांतून आले नाहीत. पँथिऑन उठत होतं त्याच्या थोडं आधी किंवा त्याच सुमाराला आपल्या कार्ल्याचा चैत्य डोंगरातून कोरून निघत होता. त्याच्या दात्यांत स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवणारेही आहेत. तिथे छताला लाकडी फासळ्या आहेत, मूळच्या. त्या काही पेलत नाहीत. डोंगराला फासळी कशाला लागते? जुन्या लाकडी चैत्याची सवय डोळ्यांना होती, म्हणून बसवल्या. कोलोसियमचे अर्धे खांब आणि या फासळ्या एकाच जातीच्या.

मघाशी मागून एकांनी विचारलं, पँथिऑनच्या झरोक्याला काच आहे का. नाही. आठ-नऊ मीटरचं उघडं भोक. वाटाडे सांगतात, की आतल्या गरम हवेमुळे पाऊस आत येतच नाही. मी गेलो त्या दिवशी पडत होता. मधोमध पाण्याचा एक गोल खांब, भोवती दोरी बांधलेली, लोक दोरीबाहेरून फोटो काढतायत. फरशी मधे किंचित फुगीर आहे आणि तिच्यात छोटी भोकं आहेत. पाणी तिथून खाली जातं.