पावसाळ्यात कपडे वाळवायचे ते गॅसवर की विजेवर?

नमस्कार श्रोतेहो. मृग लागला की आपल्या गोव्यात पडवीतल्या दोरीवरची चादर तीन-तीन दिवस ओलसरच राहते. जीन्सच्या खिशांना, कमरेच्या शिवणीला कुबट वास धरतो. हल्ली ड्रायर घ्यायचा विचार बरीच घरं करतात, आणि मग प्रश्न येतो: गॅसवरचा स्वस्त पडेल की विजेवरचा?

हिशेब पाण्यापासून मांडू या. मशीनने ८०० फेऱ्यांच्या वेगाने पिळलेल्या सहा किलो कपड्यांत चार लिटरांच्या आसपास पाणी उरतं. वाया जाणारी उष्णता धरून लिटरमागे एक युनिट लागतं. म्हणजे विजेच्या साध्या ड्रायरला एका घाण्याला चार युनिटं.

आता गॅस. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते. सिलिंडर ९०० रुपयांचा धरा, तर युनिट पाच रुपयांना पडलं. शिवाय ड्रम आणि पंखा फिरवायला थोडी वीज लागतेच.

तुलना करताना विजेच्या बिलाची सरासरी काढू नका. फ्रिज, पंखे, गीझर यांनी खालचे स्वस्त टप्पे आधीच संपवलेले असतात. ड्रायरची युनिटं वरच्या टप्प्याच्या दराने लागतात. तो दर पाच रुपयांच्या खाली असेल, तर गॅसचा विचारच नको.

तसेही गॅसचे ड्रायर आपल्याकडे मुख्यतः हॉटेलं आणि लाँड्र्यांसाठीच असतात. कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यात टॉवेल-चादरींचे ढीग रोज उपसणाऱ्यांनी हाच हिशेब १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरच्या भावाने आणि धंद्याच्या वीजदराने करावा. स्वयंपाकाचा सिलिंडर तिथे लावणं बेकायदा आहे. घरातही जुगाड करून तो ड्रायरला जोडू नका, हे मी कळकळीने सांगतो. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर बंद खोलीत जमिनीलगत साचून राहतो.

घरासाठी खरा फायदा हीट पंपाच्या ड्रायरमध्ये आहे. तो बाहेर जाणारी उष्णता पुन्हा वापरतो, त्यामुळे तेवढेच कपडे दोनेक युनिटांत वाळतात. किंमत जास्त, वेळही जास्त; पण चार महिने रोज लावणार असाल तर माझं मत त्यालाच.

आणि ड्रायर कुठलाही असो, आधी कपडे नीट पिळा. मशीनला १४०० फेऱ्यांची सोय असेल तर ती वापरा. चारऐवजी तीनच लिटर पाणी उरतं, म्हणजे साध्या ड्रायरमध्ये प्रत्येक घाण्याला एक युनिट वाचलं. सुती कपडे रात्रभर पंख्याखाली टाकून सकाळी शेवटचा ओलावाच तेवढा ड्रायरला द्या. साधा पंखा आठ तासांत जेमतेम सहा दशांश युनिट खातो. जाळीवर जमलेली कापसाची पूड मात्र दर घाण्यानंतर काढा. ती साचली की हवा अडते, वेळ वाढतो, आणि आग लागायचाही धोका असतो.