केडगावची पहाट

(दृश्य: केडगाव स्टेशन, पहाट)

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी केडगावात थांबते, तेव्हा पुरतं उजाडलेलं नसतं. उसाच्या फडांवर धुकं आहे. पलीकडे गुऱ्हाळाचा धूर.

(दृश्य: खिडकीशी बसलेल्या आजी, मांडीवर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल)

चहाचं आधण अजून ठेवायचंय. आजींनी चष्मा पुसला, खूण घातलेलं पान काढलं. बोट ओळीवरून सरकतंय.

(पाच सेकंद निवेदन नाही)

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात हनोख नावाच्या माणसाबद्दल फारसं काही नाही. तो देवाबरोबर चालला, एवढंच. रोज उठून कसं चालायचं असतं, ते याच गावात पंडिता रमाबाईंनी करून दाखवलं.

पहाटेची सवय आईची. झोपलेल्या रमेला लक्ष्मीबाई उचलून घेत, लाडीगोडीनं जागं करत. रानपाखरांची किलबिल सुरू व्हायची आणि संस्कृतचा पाठही. पुस्तक नाही, आई म्हणेल ते मुलीनं म्हणायचं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत, आणि सगळं कुटुंब तीर्थामागून तीर्थ पायी हिंडे.

(दृश्य: मुक्ती मिशनचा रस्ता, झाडं)

१८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी इथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०५च्या जानेवारीत सत्तरजणी रोज प्रार्थनेला जमू लागल्या. जूनपर्यंत साडेपाचशे, तेही दिवसातून दोनदा. त्या वर्षीच्या या आध्यात्मिक जागृतीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. आम्हाला ओढ आहे ती त्यानंतरच्या शांत वर्षांची.

(दृश्य: उघडं शास्त्र, अक्षरं अगदी जवळून)

तेव्हाचं मराठी शास्त्र संस्कृत शब्दांनी जड होतं. खेड्यातल्या बाईला ते कळेना. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि मुळावरून साध्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना 'सरस्वती' म्हटलं, त्याच रमाबाई आता एकेक संस्कृत शब्द वेचून बाजूला काढत होत्या. एक वचन, त्याचा मूळ शब्द, मग दळताकांडताना बोलला जाणारा त्याचा मराठी जोडीदार. दुसऱ्या दिवशी पुढचं वचन. असं वर्षानुवर्षं. आम्हाला विचाराल तर त्यांची सगळ्यात लांब प्रार्थना ती हीच. छापखानाही मुक्तीतलाच. छपाईचे खिळे जुळवायच्या त्या इथल्याच बायका, काल-परवा अक्षरओळख झालेल्या.

१९२१मध्ये मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. शेवटची मुद्रितं तपासायला दहा दिवस दे, असं त्यांनी देवाकडे मागितलं, अशी आठवण सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. १९२४मध्ये शास्त्र छापून निघालं. आज घरोघरी दिसतात ती बहुतेक दुसरी भाषांतरं.

(दृश्य: पुन्हा आजी)

आजींनी शास्त्र मिटलं. खूण कालच्यापेक्षा दोन पानं पुढे आहे.

आता चहा.