सहा न्यायचे, चार उतरवायचे

नमस्कार श्रोतेहो.

मेंढीकोट कसा खेळतात हे सांगायला मी आलेलो नाही. नागपूरच्या मे महिन्यात कूलरपुढे सतरंजी टाकून, पानं उडू नयेत म्हणून जिंकलेल्या हातांवर चष्म्याची डबी ठेवून ज्यानं दुपारी काढल्या नाहीत, असा माणूस आपल्या शहरात सापडायचा नाही. तेव्हा पिसणं, हुकूम, उतारी हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो. आता घरोघरी एसी आले, खिडक्या बंद झाल्या आणि पत्त्यांचा अड्डाही मोडला. खसच्या वासाशिवाय पत्ते म्हणजे तर्रीशिवाय पोहे, असं माझं मत आहे. असो.

आजचा विषय पोकेमॉनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. पोकेमॉन म्हणजे खेळात एकमेकांशी झुंजवायचे काल्पनिक प्राणी, ज्याची त्याची शक्ती वेगळी. हसू नका. तुमच्या घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोरासमोर हा शब्द उच्चारून पहा, तो मोबाइल खाली ठेवून तुमच्याकडे बघेल.

इतिहास थोडक्यात सांगतो. 2004 साली अमेरिकेत, ऑर्लँडोला ही स्पर्धा पहिल्यांदा भरली, तेव्हा ती फक्त पत्त्यांची होती. 2009 पासून तिच्यात व्हिडिओ गेम आला. 2020 आणि 2021 ही दोन वर्षं करोनानं खाल्ली. 2022 ला लंडनमध्ये मोबाइलवरचे दोन खेळही आले, पोकेमॉन गो आणि युनाइट. पोकेमॉनचा जन्म जपानातला, 1996 सालचा. पण ही स्पर्धा जपानात भरायला 2023 उजाडावं लागलं, योकोहामाला. त्यानंतर 2024 ला होनोलुलू, 2025 ला अॅनाहाइम, आणि 2026 साठी सॅन फ्रान्सिस्को. पत्ते आणि व्हिडिओ गेम, दोन्हींत वयाप्रमाणे तीन गट असतात. म्हणजे शाळकरी पोरांचा जगज्जेता वेगळा, मोठ्यांचा वेगळा.

आता व्हिडिओ गेमचा एकच नियम सांगतो, तो कानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. प्रत्येक खेळाडू सहा पोकेमॉनची फौज घेऊन येतो. डाव सुरू होण्याआधी दोघांनाही एकमेकांचे सहा दिसतात. मग दीड मिनिटात ठरवायचं की या सहांपैकी कोणते चार खेळवायचे. सहा न्यायचे, चार उतरवायचे. आणि पटावर एका वेळी दोघं जोडीनं उभे राहतात, समोरही दोघं. म्हणजे हा एकास एक असा कुस्तीचा मामला नाही. कोणाला कोणाच्या शेजारी उभं करायचं, तिथेच अर्धा डाव ठरतो.

तर गोष्ट 2014 सालची. गाव वॉशिंग्टन. मोठ्यांच्या गटाची अंतिम लढत. एका बाजूला दक्षिण कोरियाचा से जुन पार्क, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा जूडी अझारेली. ही लढत मला भाच्यानं दाखवली, नागपुरातल्या महाल भागातल्या घरी, माझ्या फोनवर, माझाच डेटा संपवून. "मामा, फक्त ती खार पाहा," म्हणाला, "बाकी काही नाही समजलं तरी चालते."

त्या मोसमात कुठल्या पोकेमॉनचा बोलबाला होता, तर कंगासखान. पोटाच्या पिशवीत पिल्लू घेऊन फिरणारी धिप्पाड मादी. ती मारते आणि लगेच पिल्लूही मारतं, एका वाराचे दोन वार. असे दांडगे गडी गोळा करून जो तो आलेला. आणि या पार्कच्या सहांत कोण होतं? पाचिरीसू. पांढरी खार, अंगावर निळा पट्टा, गालावर पिवळे ठिपके. खेळातल्या माहितीत तिच्याबद्दल लिहिलंय की ती स्वतःच्या केसांचे विजेनं तडतडणारे गोळे करते आणि फळांबरोबर झाडाच्या ढोलीत साठवून ठेवते. बस, एवढाच तिचा पराक्रम. ताकदीच्या आकड्यांत ती कुठेच नाही. हौसेनं पाळावी अशी. तिला जगाच्या अंतिम लढतीत आणणं म्हणजे... तुम्हीच ठरवा.

आता ऐका तिला का आणलं. पार्ककडे गॅराडोस नावाचा एक अजस्र जलचर सर्प होता. मारायला लागला की समोर कोणी उभं राहत नाही. पण त्याला विजेचं वावडं. विजेचा एक सणसणीत वार बसला की गडी आडवा. समोरच्यालाही हे पक्कं माहीत, त्यामुळे वीज मारायची तर गॅराडोसवरच मारणार. आणि त्याच्या शेजारी ही खार. तिच्याकडे एक विद्या आहे, इंग्रजीत फॉलो मी म्हणतात. ती विद्या वापरली की त्या फेरीत जोडीदारावर नेम धरून केलेला वार वळतो आणि खारीवर येतो. वार गॅराडोसवर सोडला, आला खारीवर. आणि खारीच्या अंगचा गुण असा की वीज अंगावर पडली तर तिला इजा तर होत नाहीच, उलट तिचं बळ वाढतं.

पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर मागे जाऊन ऐकता येत नाही. सापाला विजेचं भय. शेजारी खार. वीज सोडली सापावर, गेली खारीकडे, आणि खार खाऊन ताजीतवानी. म्हणजे समोरच्याची वीज सगळी फुकट.

मग तो वीज सोडून दुसरं काही मारेल, बरोबर? तसंच झालं. ड्रॅको मिटिऑर नावाचा वार आहे, आकाशातून उल्का कोसळतात, भलेभले त्यात संपतात. तो आला तोही वळून खारीवरच. भाच्यानं इथे फोनचा आवाज वाढवला. पडद्यावर खारीच्या बळाची हिरवी पट्टी सरकायला लागली. पिवळी झाली. आणखी सरकली. आणि थांबली! खार उभी! त्या सभागृहात जो हलकल्लोळ झाला, तो वानखेडेवर शेवटच्या चेंडूला षटकार गेल्यावर होतो तसाच. समालोचकांचं बोलणं त्या आरड्यात बुडून गेलं, आणि खरं सांगू, तेच बरं झालं. हल्ली क्रिकेटच्या समालोचनात लोक चौकार जाण्याआधीच किंचाळतात. प्रेक्षकांचा आवाज ऐकू येऊ द्यावा ना भाऊ! आम्ही रेडिओवाल्यांनी वर्षानुवर्षं तेच केलं.

तर खार उभी राहिली कशी? नशिबानं नाही. पार्कनं तिला मारण्यासाठी वाढवलंच नव्हतं. या खेळात प्रत्येक पोकेमॉनची तालीम किती आणि कशात करायची याचा हिशेब असतो. त्यानं तिची जवळपास सगळी तालीम सोसण्यात घातली. हातात एक फळ दिलं, बळ निम्म्यावर आलं की ती आपोआप खाते आणि पाव हिस्सा बळ भरून काढते. मग मारायचं कसं? त्यासाठी एक चावा. सुपर फँग. या चाव्याला ताकद लागत नाही, समोरच्याचं जेवढं बळ शिल्लक असेल त्याच्या बरोबर निम्मं जातं. समोर हत्ती असो की उंदीर, निम्मं म्हणजे निम्मं. आणि तिचा आणखी एक छोटा वार आहे, गाल घासायचा, त्यानं समोरचा हमखास लुळा पडून मंदावतो. म्हणजे खारीनं निम्मं कुरतडायचं, उरलेलं गॅराडोसनं एका धडकेत संपवायचं.

समोरच्या अझारेलीला सहांच्या यादीत खार दिसलेली होती, बरं का. लपवाछपवी काही नव्हती. दिसली होती, पण ती काय करणार हे तेव्हाच्या नियमांत कळायला मार्ग नव्हता. हल्ली प्रत्येकाच्या फौजेची विद्या आणि वस्तूंसकट यादी प्रतिस्पर्ध्याला आधी देतात. मला विचाराल तर थोडी मजा गेली. उतारीवरून हुकूम ओळखण्यात जी झिंग आहे, ती पानं उघडी टाकून खेळण्यात कुठली?

पार्क जिंकला. मोठ्या गटाचा जगज्जेता झाला. आणि लोकांनी आठवणीत कोणाला ठेवलं, तर खारीला. रामाच्या सेतूपासून आपल्याकडे खारीच्या वाट्याचं कौतुक आहेच, पण तिथली खार वाळू आणत होती. ही उल्का झेलत होती.

अरे, वेळ निघाला. पत्त्यांबद्दल बोलायचं राहिलंच. भरभर सांगतो. इथे एकच गड्डी दोघांत वाटत नाहीत. ज्यानं त्यानं आपली साठ पानांची गड्डी घरून बांधून आणायची. एका नावाची पानं जास्तीत जास्त चार, मूळ ऊर्जेच्या, म्हणजे वार करायला बळ पुरवणाऱ्या साध्या पानांना तेवढी सूट. सात पानं हातात, सहा पानं बक्षीस म्हणून पालथी बाजूला. समोरच्याचा गडी बाद केला की बक्षिसातलं आपलं पान उचलायचं. सहाही पानं ज्याची आधी उचलून झाली, तो जिंकला. तिकडे व्हिडिओत सहा न्यायचे, चार उतरवायचे. इकडे साठ बांधायची, सहा उचलायची.

आणि आईवडिलांसाठी दोन कामाच्या गोष्टी. पहिली, बाजारात ती सोनेरी चकचकीत पानं मिळतात ना, पूर्ण गड्डी स्वस्तात, ती नकली. घरी खेळायला खुशाल घ्या, पण अधिकृत स्पर्धेत ती टेबलावर चालत नाहीत. खरं पान कडेनं उजेडात धरलं तर दोन पांढऱ्या थरांच्या मध्ये बारीक काळसर रेघ दिसते. दुसरी गोष्ट, पोरगं हे खेळतं म्हणजे जुगार खेळतं असं समजून त्याला झोडपू नका. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं जो कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे व्हिडिओ गेम, त्यातून वेगळे काढून त्यांना मान्यता दिली आहे. ते रमीच्या जाहिराती करणारे नट आता कुठे गेले, हा प्रश्न मला रोज पडतो, पण तो आजचा विषय नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये जॉर्जिया देशात, बातुमीला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा अख्खं शहर पेढे वाटत होतं. चौसष्ट घरांवर डोकं चालवलं तर कौतुक आणि साठ पानांवर चालवलं तर धपाटा, हा कुठला न्याय?

निर्माते काचेपलीकडून हात करतायत. पुढच्या खेपेला कॅरमवर बोलू, बोरिक पावडर किती टाकावी या वादासकट. नमस्कार.